थोरल्या विहिरीचे दोन उन्हाळे

चंदना मगदूमनं बेळगावची सरकारी नोकरी सोडली, ही बातमी निपाणीच्या बाजारातून हत्तरवाडीत तिच्या आधीच येऊन पोचली होती. ती बैलगाडीतून ट्रंक उतरवून घेईपर्यंत तिचे वडील आप्पाण्णा सोप्यात भिंतीकडं तोंड करून बसलेले. माणूस एरवी लोण्यासारखा मऊ, पण त्या दिवशी त्यांनी लेकीला पाण्याचंसुद्धा विचारलं नाही.

"अण्णा, मी आलोय."

"सरकारनं हाकललं?"

"न्हाय. मीच सोडली."

"मग निपाणीला जाऊन डोस्कं तपासून घे," आप्पाण्णा भिंतीला म्हणाले.

त्यांचंही चुकत नव्हतं. एकोणीसशे सदतीस साल संपत आलं होतं. चिकोडी तालुक्यात मॅट्रिक झालेली मुलगी दाखवा म्हटलं तरी लोक डोकं खाजवत, आणि या शेतकऱ्यानं भाऊबंदांची नाही नाही ती बोलणी खाऊन लेकीला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. जैनाची पोरगी बेडकं फाडणार म्हणून बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, पायरीवर लोक कुजबुजले, तेव्हा आप्पाण्णा सगळ्यांना पुरून उरले. पुढं तिला एकाच आठवड्यात दोन पत्रं आली. एक बेळगावच्या कँपातल्या सरकारी प्रयोगशाळेचं, कायम जागेचं. दुसरं विद्यापीठाचं, दोन वर्षांच्या संशोधनवृत्तीचं. आप्पाण्णांनी दुसरं पत्र वाचूनही घेतलं नाही. सरकारी म्हणजे दगडावरची रेघ, असं त्यांचं मत होतं, आणि तेव्हा चंदनाचंही तेच होतं.

आणि प्रयोगशाळा खरोखरच देखणी होती, हे मान्य केलं पाहिजे. उंच छत, पितळी सूक्ष्मदर्शकांची रांग, बर्फाची पेटी, फिरतीला मोटार, आणि शामू नावाचा एक शिपाई. सूक्ष्मदर्शकाला परक्या माणसाचा हात लागू द्यायचा नाही, एवढंच शामूचं काम आणि ते तो देवपूजेसारखं करी. विद्यापीठात शिकताना चंदनानं काचपट्ट्या धुऊन धुऊन वापरल्या होत्या. इथं मागितलं की मिळत होतं. फक्त काय मागायचं ते आधी फाईल ठरवत असे.

तिच्या नशिबानं फाईल निघाली ती नारूची. नारू काय असतो ते हत्तरवाडीला सांगावं लागत नव्हतं. चैत्र-वैशाखात पायावर फोड यायचा, आग आग व्हायची, फोड फुटून त्यातून दोऱ्यासारखा लांबलचक किडा डोकं काढायचा. तो काडीवर गुंडाळत रोज बोटभर ओढायचा. तुटला तर पाय सडायचा. महिना महिना माणूस अंथरुणाला खिळलेला, आणि तोही नेमका पेरणीच्या तोंडावर. त्या उन्हाळ्यात चंदनानं घरोघर जाऊन मोजले, तर एवढ्याशा गावात एकसष्ट पाय भरले.

गावाला पाणी एकच, थोरल्या विहिरीचं. खाली उतरायला रुंद दगडी पायऱ्या. घागर बुडवायला माणसं गुडघाभर पाण्यात उतरत, आणि फोडाची आग सोसेना झाली की त्याच पायरीवर पाण्यात पाय सोडून बसत. तिथंच किडा आपली पिल्लं पाण्यात सोडी. ती डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या पाणपिसवांच्या पोटात जात, पिसवा घागरीत येत, घागर पोटात. आणि बरोबर वर्षानं नवा फोड. हे सगळं शास्त्राला तेव्हाही ठाऊक होतं. गावाला मात्र वेगळंच ठाऊक होतं.

नारू यायचा तो मराठ्यांच्या आणि इतरांच्या आळीत. जैनांच्या बावीस घरांत एकही नाही. पाणी तेच, विहीर तीच. त्यामुळं नारूचा पाण्याशी काही संबंध नाही, हा आपल्या दिवस मावळायच्या आत जेवण्याचा प्रताप आहे, अशी जैन आळीची पक्की समजूत होती. चंदनाची आई पद्मावतीबाई तर हे मान ताठ करून सांगत. मराठ्यांनाही ते पटलेलं होतं, फक्त दिवसभर रानात राबून दिवस मावळायच्या आत जेवायचं कसं, हे त्यांना कुणी सांगत नव्हतं.

प्रयोगशाळेचा उपाय ठरलेला होता. पायऱ्यांच्या सगळ्या विहिरींत कळीचा चुना ओतायचा, पिसवा मारून टाकायच्या. हत्तरवाडीच्या जैनांनी ते ऐकलं आणि विहिरीला कडं केलं. अख्खी विहीर उकळून जीव मारायचे? आमच्या मढ्यावरून न्या तुमची पोती. वरिष्ठांनी फाईलवर 'अंधश्रद्धाळू गाव' असा शेरा मारला आणि पुढच्या गावाकडं मोटार वळवली.

चंदना मात्र थांबली, कारण तिला एक गोष्ट खटकत होती. तिची आई रोज पाणी चौघडी फडक्यातून गाळत असे. सगळी जैन घरं गाळतात. गाळून झालं की फडकं उलटं करून त्यावर पाणी सोडायचं, आणि अडकलेले जीव ज्या विहिरीचे त्याच विहिरीत अलगद परत पोचवायचे. त्याला जिवाणी म्हणतात. जिवाणी दुसरीकडं ओतली तर जीव मरतात, म्हणून पद्मावतीबाई कडीची बादली दोरानं पार पाण्यापर्यंत सोडत, आणि तिथं तळाची दोरी ओढून ती हळूच कलती करत. चाळीस वर्षांत एक दिवस चुकला नव्हता.

त्या ज्येष्ठात चंदनानं तीन सह्यांचा परवाना काढून पितळी सूक्ष्मदर्शक घरी आणला. बरोबर शामू आलाच. तिनं आईच्या जिवाणीचा एक थेंब काचेवर घेतला, डोळा लावला, आणि बराच वेळ तशीच राहिली.

"आई, हिकडं ये. बघ."

शामू मध्ये आला. "बाई, परक्या माणसाला हात लावायला—"

"ती हात न्हाय लावणार. डोळा लावंल. नियमात डोळ्याचं काय लिवलंय?"

शामूनं मनातल्या मनात नियम वाचला असावा. तो बाजूला झाला.

पद्मावतीबाईंनी पदर सावरून एक डोळा मिटला. आधी काहीच दिसेना. मग एकदम त्यांच्या तोंडून उद्गार निघाला. "आगं बाई! एवढं? एवढं समदं जीव? पळत्यात बघ कसं!" चाळीस वर्षं ज्यांना न बघता सांभाळलं ते जीव त्यांना पहिल्यांदा दिसत होते. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायला त्या उठल्यासुद्धा नाहीत.

"त्यातल्या त्या मोठ्या जिवाच्या पोटात बघ. कायतरी वळवळतंय?"

"व्हय गं. केसावानी."

"त्यो नारू."

पद्मावतीबाई सरळ बसल्या. "म्हंजे म्या रोज नारू गाळून काढतो?"

"व्हय. म्हणून आपल्यात न्हाय. जेवायच्या वेळेनं न्हाय आई, तुझ्या फडक्यानं."

एखादी बाई इथं रागावली असती. जन्मभराचा अभिमान असा फडक्यावर येऊन टेकला की वाईट वाटतंच. पद्मावतीबाईंनी मात्र पुन्हा डोळा लावला आणि विचारलं, "ह्या जिवाच्या पोटात त्यो घातला कुणी?"

"आपल्याच माणसांच्या पायांनी. पायरीवर बसत्यात न्हवं."

"मग जीव कशाला मारायचं? पाय भाईर ठेवा की."

चंदनानं एम.एस्सी.ला सहा पुस्तकं वाचली होती, पण इतक्या थोडक्यात एकानंही सांगितलं नव्हतं. पायऱ्या भिंत घालून बंद करायच्या, वर रहाट बसवायचा. पाणी दोरानं ओढायचं. मारायचं कुणालाच नाही.

थेंब बघून झाल्यावर पद्मावतीबाईंनी काचपट्टी धुऊन पाणी बादलीत घ्यायला लावलं. शामूनं तेवढ्यात गुपचूप डोळा लावून घेतला होता.

प्रयोगशाळेचे डायरेक्टर डॉक्टर मिनेझिस हे गोव्याकडचे, सज्जन आणि थकलेले गृहस्थ होते. चंदनाचा कागद त्यांनी नीट वाचला.

"मिस मगदूम, कल्पना चांगली आहे. निकाल कधी?"

"माघात भिंत घातली, तर येत्या उन्हाळ्यात काहीच फरक दिसणार नाही, सर. तो नारू लोकांनी आधीच प्यायलाय. खरा निकाल त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात."

"म्हणजे दीड वर्ष." डॉक्टरांनी चष्मा काढला. "नारूची फाईल मार्चअखेर बंद होते, मागं चुना ओतायची यादी तेवढी चालू राहील. एप्रिलपासून तुम्ही हिवतापावर. किडा वर्षाचा असेल, पण सरकारचं वर्ष मार्चला संपतं. मी काय करू?"

त्यांना खरोखरच काही करता येत नव्हतं. चंदनानं त्याच टपालानं विद्यापीठातल्या आपल्या प्रोफेसर सुखटणकरांना पत्र टाकलं. चार ओळींचं उत्तर आलं. वृत्ती अजून शिल्लक आहे, दोन वर्षांची आहे, हव्या त्या विषयावर घालवा, कुणी विचारणार नाही. मात्र मोटार नाही, शिपाई नाही, भिंतीला दगड नाही. सूक्ष्मदर्शक एक आहे, त्याचा आरसा तडकलेला आहे.

राजीनाम्याचा कागद घेताना डॉक्टर मिनेझिस यांनी चुन्याची यादी पुढं ओढली. मग म्हणाले, "चुन्याच्या यादीत हत्तरवाडीचा कागद मी सगळ्यात खाली ठेवतो. तो वर यायला दोन उन्हाळे लागतील. त्यानंतर गावात एक जरी नारू दिसला, तरी पोलिसासकट येऊन चुना ओतीन." सरकारी माणसाला जेवढं करता येतं, तेवढं त्यांनी केलं.

म्हणून ती ट्रंक घेऊन घरी आली होती, आणि म्हणून आप्पाण्णा भिंतीशी बोलत होते.

भिंतीचं काम बोलण्याइतकं सोपं निघालं नाही. पायऱ्या बंद म्हटल्यावर मराठ्यांच्या आळीतून नागुबाई कंबरेवर हात ठेवून आली. लागोपाठ सहा उन्हाळे नारूनं पडलेली बाई, पण तोंड शाबूत.

"आक्का, तुमच्यात गडी-माणसं हायत दोर वडाय. आमी रानातनं येऊन रहाट वडायचा? आन् फडक्यानं गाळायचं? तुमचा धरम आमच्या घागरीवर कशाला?"

चंदना शास्त्र सांगायला लागली. पद्मावतीबाईंनी तिला हातानं थांबवलं. "नागू, धरम र्‍हाऊ दे. तुला पेरणीला रानात जायचंय का बाजंवर पडायचंय?"

दुसऱ्या दिवशी नागुबाईचा नवरा मष्णू पहार घेऊन विहिरीवर हजर झाला. जैन आळीनं बस्तीच्या कुसाच्या भिंतीला म्हणून आणून ठेवलेले दगड दिले, मराठ्यांनी अंग दिलं, आणि माघ संपायच्या आत पायऱ्यांच्या तोंडाशी पुरुषभर उंचीची भिंत उभी राहिली. वर दोन रहाट बसले. चंदनानं वहीत तारीख घातली.

आणि मग वैशाख आला.

अठ्ठावन्न पाय. तिनं सांगितलं होतं, घसा फोडून सांगितलं होतं की हा उन्हाळा मागच्या पाण्याचा आहे. पण फोडाची आग लागलेल्या माणसाला तारीख कोण समजावणार? गाव पिसाळलं. रहाट ओढून ओढून हाताला घट्टे पडले आणि नारू आपला जिथल्या तिथं! नागोजी नावाच्या एका तापट गड्यानं तर पहार घेऊन भिंतीचे वरचे दोन दगड पाडले. प्रयोगशाळेत चंदनाच्या जागी आलेल्या गृहस्थांनी पत्र पाठवून 'प्रयोग अयशस्वी झाल्याबद्दल' सहानुभूती कळवली.

त्या दिवसांत चंदनाला पहिल्यांदा भीती वाटली. आपण चुकलो असलो तर? सरकारात असती तर चुकीवर सही साहेबाची असती, ती एव्हाना हिवतापाचे डास मोजत निवांत बसली असती. विद्यापीठात सगळं तिचंच होतं, चूकसुद्धा. तिनं प्रोफेसरांना तसं मोकळेपणानं लिहिलं. उत्तर आलं: "आकडे नोंदवा. थांबा. थांबायचाच तर आपल्याला पगार आहे."

पाडलेले दोन दगड कुणीतरी परत बसवले होते. चंदनाला वाटलं मष्णूनं. नागुबाईनं सांगितलं तेव्हा कळलं की पहाटे उठून, पंचा गुंडाळून ते काम आप्पाण्णांनी केलं होतं. लेकीशी मात्र ते अजून धड बोलत नव्हते.

वर्ष सरता सरेना. कुणी भिंतीवरून आत उतरलं नाही ना, हे बघायला चंदना रोज विहिरीवर जाई. नागुबाईनं कुरकुरत का होईना फडकं धरलं, आणि तिनं धरलं म्हणून आळीनं. जिवाणी मात्र ती पद्मावतीबाईंच्या बादलीत आणून ओती आणि वर म्हणे, "घ्या तुमचं देव."

एकोणीसशे एकोणचाळीसचा चैत्र कोरडा गेला. एकही फोड नाही. गावात कुणी मोठ्यानं बोलेना, जणू बोललं की दृष्ट लागेल. वैशाख अर्धा झाला, तरी नाही. आणि वैशाख सरता सरता बेळगावकडून काकतीच्या रस्त्यानं धुरळा उडवत सरकारी मोटार आली. पुढं डॉक्टर मिनेझिस, मागं शामू, आणि त्याच्या शेजारी चुन्याची सहा पोती. दोन उन्हाळे संपले होते आणि कागद वर आला होता.

"घरोघर बघणार," डॉक्टर म्हणाले. "प्रत्येक पाय."

चंदना वही घेऊन पुढं झाली. एक आळी झाली, दुसरी झाली. म्हातारी-कोतारी, गडी, बायका सगळ्यांनी ओसरीवर येऊन पाय पुढं केले. जुने वण होते, पण नवा फोड नाही. नागुबाईनं तर दोन्ही पाय आपटून दाखवले. डॉक्टरांचा चेहरा उजळत चालला होता. शेवटचं घर बघून त्यांनी पेन काढलं.

"साहेब," मागून आप्पाण्णा म्हणाले. "एक पाय ऱ्हायलाय."

नागोजीनं त्यांच्याकडं असं पाहिलं, जसं काही त्यांनी पाटात विष कालवलं होतं. "आप्पाण्णा, गप बसा की! तुमच्याच लेकीचं—"

"लेकीचं म्हणूनच सांगतोय. खोटं घालून तिचं खरं कसं हुईल?"

नागोजीच्या घरात मागल्या खोलीत त्याची नवी सून राजाबाई लपवून ठेवली होती. सगळ्या गावाला ठाऊक होतं. एकट्या चंदनाला सोडून. तिच्यासाठीच तर लपवली होती. राजाबाई बाहेर आली ती लंगडत, डोळे खाली घालून. घोट्यावर फोड, फोडातून काढलेल्या किड्याची काडी फडक्यानं बांधलेली.

डॉक्टरांनी पेन खिशात ठेवलं. "आय ॲम सॉरी, मिस मगदूम. एक म्हणजे एक."

दोन वर्षं, नोकरी, आईची बादली, सगळं एका घोट्यावर. मग चंदनाचं लक्ष राजाबाईच्या हातांकडं गेलं. हिरवा चुडा अजून नवा होता.

"राजाबाई, लगीन कवा झालं तुजं?"

"मार्गशीर्षात, आक्का."

"त्याच्या आधी हितलं पाणी कधी प्यालतीस?"

"न्हाय. ह्या गावात पाऊलच पयल्यांदा टाकलं."

"माहेर कुठलं? पाणी कशाचं?"

"घटप्रभेच्या पल्याड. पायऱ्यांची हीर हाय. उतरून भरताव."

चंदना डॉक्टरांकडं वळली. बोलायची गरजच पडली नाही. डॉक्टर मिनेझिस भर रस्त्यात उभे राहून बोटांवर महिने मोजत होते. मार्गशीर्ष, पौष, माघ... वैशाखापर्यंत जेमतेम सहाच भरले. किड्याला लागतं वर्ष. हा नारू मुलगी माहेरहून घेऊन आली होती. आणि ती आल्यापासून, ती भरत असलेल्या विहिरीत, तिचा पाय उतरू शकला नव्हता.

डॉक्टर हसायला लागले. थकलेला माणूस हसतो तेव्हा बघत राहावंसं वाटतं. "एकही नारू सापडला नसता, तर मी म्हटलं असतं, वर्षच चांगलं गेलं असेल. पण उघड्या विहिरीचा एक आणि झाकल्या विहिरीचा शून्य, हे एकाच घरात! मिस मगदूम, याहून मोठा पुरावा तुम्हाला मागूनही मिळाला नसता." आणि त्यांनी सगळ्यांच्या देखत आपली हॅट काढली.

गावाला शास्त्र कळलं की नाही, देव जाणे. हॅट कळली. मष्णूनं आरोळी ठोकली, बस्तीतली घंटा कुणीतरी बडवायला घेतली, नागोजीनं आप्पाण्णांचे पाय धरले, आणि पद्मावतीबाई सरळ जाऊन राजाबाईच्या शेजारी बसल्या आणि तिचा पाय मांडीवर घेऊन काडी नीट बांधू लागल्या.

"आक्का," राजाबाईनं चंदनाला हळूच विचारलं, "आमच्या गावाला बी बांधशीला भित्त?"

"परत या प्रयोगशाळेत," डॉक्टर चंदनाला म्हणाले. "कायम जागा, स्वतंत्र विभाग."

तिनं आप्पाण्णांकडं पाहिलं. दीड वर्षानं त्यांनी तिच्या डोळ्याला डोळा दिला. "तुजं तू ठरीव," ते म्हणाले. "मला यातलं कळतं म्हणून मी लई बोललो. कळत न्हवतं."

"सर, तुमच्याकडं मोटार आहे आणि हुकूम आहे," चंदना म्हणाली. "विद्यापीठाकडं वेळ आहे. मी वेळेच्याच बाजूला राहते. पण पायऱ्यांच्या विहिरींची तुमची यादी मला द्या, आणि भिंतीचा हुकूम तुम्ही काढा. पहिलं गाव राजाबाईचं माहेर."

"आणि अहवालावर नाव? आमच्याकडं नियमानं डायरेक्टरचं पडतं."

"विद्यापीठाच्या अहवालावर माझं पडेल. साक्षीदार म्हणून तुमचं घालीन."

डॉक्टरांनी तिथंच, मोटारीच्या टपावर कागद ठेवून, साक्षीची सही केली. चुना परत नेणं कुठल्याच नियमात बसेना, तेव्हा सहाही पोती शाळेच्या भिंतींना गेली.

दोन आठवड्यांनी रोहिणी नक्षत्र निघालं. राजाबाईच्या माहेरगावी निघण्याआधी निरोप घ्यायला म्हणून चंदना सकाळीच आळीतून निघाली. नागुबाईचं दार बंद. शेजारचं बंद. त्याच्या पुढचंही कडी लावलेलं. सगळी आळी धुंडली तरी बाजेवर पडलेलं एक माणूस दिसेना. ती वेशीपाशी आली तर पावसाआधीच्या धुळीतल्या पेरणीनं सगळं शिवार गजबजलेलं, आणि सहा उन्हाळे बाजेवर काढलेली नागुबाई ओटीत बी घेऊन पेरायच्या कुरीमागं ताडताड चालत होती.

"आक्का!" तिनं बांधावरूनच हाक दिली. "आज पाय मोजाय घरात कुनी घावायचं न्हाय गं! मोजायचं तर रानात ये!"

चंदना वेशीतच खाली बसली आणि पोटभर रडली. मग तिनं चपला काढून हातात घेतल्या आणि ती रानात उतरली.